एक कौल बदलताना

कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची धांदल ज्यांनी पाहिली असेल त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. छपराचे एखादे कौल फुटलेले असते. ते बदलण्यासाठी गडी छपरावर चढतो. ते एक कौल तो बदलतोही. पण चढताउतरताना त्याच्या पायाखाली चार धड कौले तडकतात, आणि ती तडकली आहेत हे कळते ते मृगाचा पहिला पाऊस माजघरात गळू लागल्यावर. म्हणून जाणती म्हातारी माणसे सांगतात की, कसबी गडी ओळखावा तो हातावरून नव्हे, पायांवरून. नवे कौल कोणीही बसवील. बाकीची न फोडता खाली उतरणे ही खरी विद्या.

ही विद्या यंत्रांच्या जगालाही शिकावी लागली, आणि ती त्याला फार महाग पडली. त्या शिकवणीचा हा इतिहास आहे. त्यातले मुख्य पात्र म्हणजे स्विच नावाची एक पेटी. स्विच म्हटले की भिंतीवरचे दिव्याचे बटण आपल्या डोळ्यांसमोर येते. पण हा स्विच निराळा. कारखान्यात, वीजकेंद्रात, शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात एखादे लोखंडी कपाट उघडले तर आत पट्टीवर अडकवलेली एक धातूची पेटी दिसते. तिला एकेका यंत्राकडून आलेल्या तारा जोडलेल्या असतात आणि बारीक हिरवे दिवे अखंड लुकलुकत असतात. टपाल कचेरीतला सॉर्टर जसा पत्ता पाहून पत्र ज्याच्या त्याच्या खणात टाकतो, तसे ही पेटी एका यंत्राचा निरोप पत्ता पाहून दुसऱ्या यंत्राच्या तारेवर सोडते. पंपाला ‘थांब’ म्हणून निरोप निघाला आणि तो वाटेतच राहिला, तर टाकी भरून वाहील; आणि वीजकेंद्रात तसे झाले तर काय होईल, ते पुढे येईलच.

या पेटीला हे शहाणपण कोण देते? तिच्या पोटात कायम वसतीला असलेली आज्ञावली. तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली वापरात आणला. यंत्राचे लोखंड आणि तांबे हे हार्डवेअर, त्याला सांगायच्या आज्ञा हे सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मधले, धड कठीणही नव्हे आणि धड मऊही नव्हे, असे ते फर्मवेअर. ऑप्लरच्या मनातला अर्थ आजच्यापेक्षा थोडा निराळा होता. पण शब्द टिकला आणि अर्थ पसरत गेला.

या आज्ञावलीतल्या चुकीला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याचा प्रघात आहे. यंत्रातल्या खोडीला किडा म्हणण्याची लकब एडिसनच्या काळापासूनची. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या गणकयंत्रात खरोखरीचा एक पतंग अडकलेला सापडला, आणि तेथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून, किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची गमतीदार नोंद केली. चुकीच्या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात, तेही असेच शब्दशः खरे होते. त्या काळी आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून लिहीत. भोक चुकीच्या जागी पडले की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. मार्क वनच्या अशा ठिगळ लावलेल्या पट्ट्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

निरोप वळवणाऱ्या यंत्रांचा वंश मात्र याहून जुना. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा धंदा करी. टेलिफोन जोडून देणारी बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, माणसावाचून टेलिफोन जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले आणि १८९२ साली इंडियाना संस्थानातल्या ला पोर्ट गावी तसले पहिले एक्स्चेंज सुरू झाले. ही यंत्रे खटखट आवाज करीत. ती बिघडत तेव्हा बिघाड डोळ्यांना दिसे. कुठे गंज, कुठे धूळ, कुठे झिजलेले पान. कारागीर ब्रश आणि कानस घेऊन येई, नि एका खणातली दुरुस्ती त्या खणापुरतीच राही.

मे १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सुकासुना गावी ज्याचा कारभार साठवलेल्या आज्ञांवर चालतो असे मोठे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, आणि त्या दिवसापासून दुरुस्तीचा स्वभावच पालटला. आता चूक गंजासारखी दिसत नव्हती. ती शब्दांत दडलेली होती. शिवाय शब्दांची नक्कल करायला काहीच लागत नसल्यामुळे एका ठिकाणची दुरुस्ती एकाच वेळी शंभर ठिकाणी लावता येऊ लागली. ही केवढी सोय, असे सगळ्यांना वाटले. आणि ती सोय होतीच. पण शंभर छपरांवर एकदम चढणाऱ्या गड्याचे पाय शंभर छपरांवर एकदम पडतात, हे कळायला आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

तो दिवस होता सोमवार, १५ जानेवारी १९९०. न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर येथे ए. टी. अँड टी. या कंपनीचे देखरेख केंद्र होते. अमेरिकेचे लांब पल्ल्याचे बहुतेक टेलिफोन ही कंपनी वाहून नेत असे. समोरच्या भिंतीवर पंच्याहत्तर पडदे, आणि त्यांवर साऱ्या देशाचा नकाशा. दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी त्या पडद्यांवर तांबडे इशारे उमटू लागले. एक एक्स्चेंज बंद पडे, काही सेकंदांनी सुरू होई, तोवर दुसरे बंद पडे. ते सुरू होते न होते तोच तिसरे. शीतज्वराने घरातली माणसे आळीपाळीने अंथरूण धरावीत तशी देशातली ११४ मोठी एक्स्चेंजेस पडत आणि उठत राहिली. हा प्रकार नऊ तास चालला. लावलेल्या टेलिफोनांपैकी जवळजवळ निम्मे लागेनात. रात्री साडेअकराच्या सुमारास सारे शांत झाले तेव्हा सहा-सात कोटी संभाषणे व्हायची राहून गेली होती आणि कंपनीचे सहा कोटी डॉलरांवर नुकसान झाले होते. हे कोणा चोरट्यांचे कृत्य असावे, अशी शंका पुष्कळांना आली.

चोर घरातलाच होता, आणि तो दुरुस्तीच्या वेषात आला होता. त्याची हकीकत अशी.

एखाद्या एक्स्चेंजला आपल्यात काही बिघाड जाणवला, तर ते चार-सहा सेकंद स्वतःला आवरून घेई आणि शेजाऱ्यांना कळवी की, ‘तूर्त माझ्याकडे टेलिफोन पाठवू नका.’ बरे वाटले की पुन्हा कळवी, ‘मी आले.’ डिसेंबर १९८९ मध्ये कंपनीने सर्व ११४ ठिकाणी नवी आज्ञावली बसवली. हेतू चांगला होता. ‘मी आले’ असा वेगळा निरोप कशाला, सरळ टेलिफोन पाठवू लागावे, त्यावरूनच शेजाऱ्याने समजावे, म्हणजे सावरणे अधिक लवकर होईल. सुमारे महिनाभर हे सुरळीत चालले. मग १५ जानेवारीला न्यू यॉर्कचे एक एक्स्चेंज किरकोळ कारणाने थांबले, सावरले, आणि साचलेले टेलिफोन भराभर पाठवू लागले. पहिला निरोप येताच शेजारी आपल्या वहीत ‘न्यू यॉर्क परत आले’ अशी नोंद करू लागला. नोंद पुरी होण्यापूर्वीच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, दुसरा निरोप येऊन धडकला, आणि वहीतला मजकूर एकमेकांवर लिहिला गेला. गोंधळ ध्यानात येताच शेजाऱ्याने शहाण्यासारखे स्वतःला थांबवले. त्याच्या जोडीला राखून ठेवलेला दुसरा भाग कामावर आला, तर त्याचेही तेच झाले, कारण त्याच्याही पोटात तीच आज्ञावली होती. मग शेजारी सावरला, आणि साचलेले टेलिफोन भराभर आपल्या शेजाऱ्यांकडे पाठवू लागला. बरा झालेला प्रत्येक रोगी दुसऱ्याला रोग देत होता.

आणि चूक केवढी? लाखो ओळींच्या आज्ञावलीत एक शब्द. ‘इथून बाहेर पड’ अशा अर्थाची एक आज्ञा होती. लिहिणाराच्या मनात होते की यंत्राने खोलीतून बाहेर पडून माजघरात यावे आणि उरलेले काम करावे. त्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे मात्र त्या आज्ञेचा अर्थ होता ‘घरातूनच बाहेर पड.’ यंत्र आज्ञाधारक. ते घराबाहेर पडले, आणि माजघरातले काम तसेच राहिले. मौज अशी की, ज्या व्याकरणी रचनेतून ते बाहेर पडले तिचे नावही त्या भाषेत ‘स्विच’ असेच आहे.

इंजिनियरांनी त्या रात्री केलेला उपाय साधा होता. निरोपांची गर्दी कमी केली, म्हणजे दुसरा निरोप इतक्या लगोलग येणार नाही. गर्दी ओसरली आणि साथ थांबली. पुढे नवी आज्ञावली काढून जुनी परत बसवली. १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइनच्या दिवशी, कंपनीने झाल्या गैरसोयीबद्दल टेलिफोनच्या दरात सवलत दिली.

एवढ्या मोठ्या प्रसंगानंतर सारे शहाणे झाले असतील असे वाटेल. पण दीड वर्षही गेले नाही तोच, जून आणि जुलै १९९१ मध्ये, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग अशा शहरांचे टेलिफोन कोलमडले. या वेळी निरोपांना वाट दाखवणारी यंत्रे टेक्सासमधल्या डी. एस. सी. नावाच्या कंपनीची होती. लाखो ओळींच्या आज्ञावलीत तिने अवघ्या तीन ओळी बदलल्या होत्या. नव्या आज्ञावलीची तेरा आठवडे कसून परीक्षा घेण्याचा तिचा रिवाज होता. परंतु तीन ओळींसाठी तेरा आठवडे कशाला, म्हणून ती परीक्षा पुरती घेतली नाही. त्या तीन ओळींत एक अक्षर चुकीचे पडले होते. दुरुस्ती लहान आहे म्हणून धोका लहान आहे, असे समजणे किती घातक असते, ते यावरून दिसते.

टेलिफोन लागला नाही तर माणूस चरफडतो, क्वचित त्याहून वाईट होते. पण याच सुमारास निरोप वळवणाऱ्या पेट्या कारखान्यांत शिरू लागल्या होत्या. ईथरनेट ही संगणकांना एकमेकांशी जोडण्याची पद्धत १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जन्मली. ती कचेऱ्यांसाठी होती. पण स्वस्त आणि सोयीची असल्यामुळे पुढे ती धूळ, उष्णता आणि हादरे यांच्या राज्यात गेली. तेथे तारा बहुधा कड्यासारख्या गोल जोडतात, म्हणजे एका ठिकाणी तार तुटली तरी निरोप उलट्या दिशेने पोचावा. पण गोल वाटेत निरोप अखंड फिरत राहण्याची भीती असते. म्हणून पेट्या आपापसांत ठरवून कड्याचा एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात आणि गरज पडली तरच उघडतात. अशी वाट ठरवण्याची पहिली प्रसिद्ध रीत राडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली शोधली. हे ठरवण्यात आज्ञावली चुकली, तर निरोपांचे असे वादळ उठते की त्यात साऱ्या पेट्या गुदमरतात.

तशा गर्दीने काय होऊ शकते हे १९ ऑगस्ट २००६ रोजी दिसले. अमेरिकेच्या अ‍ॅलाबामा संस्थानात टेनेसी नदीच्या काठी ब्राउन्स फेरी हे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या तिसऱ्या अणुभट्टीत पाणी खेळवणारे दोन्ही पंप त्या दिवशी एकाएकी बंद पडले. पंपांत काही दोष नव्हता. त्यांचा वेग राखणाऱ्या यंत्रांवर केंद्राच्या जाळ्यातून निरोपांचा इतका मारा झाला की ती निश्चेष्ट झाली. कर्मचाऱ्यांनी अणुभट्टी हाताने बंद केली आणि कोणाला इजा झाली नाही. नंतर त्या यंत्रांसमोर निरोपांची गर्दी अडवणारी भिंत उभारण्यात आली. माणूस जागेवर होता आणि त्याचा हात चालला, म्हणून ही गोष्ट एका अहवालापुरती राहिली.

तेव्हा मग दुरुस्ती करूच नये, चालते यंत्र चालू द्यावे, असे कोणी म्हणेल. कारखान्यांत हे मत प्रबळ आहे, आणि त्याला कारणही आहे. पेटीत नवे फर्मवेअर भरायचे म्हणजे ती थोडा वेळ बंद ठेवावी लागते; भरताना मध्येच वीज गेली तर ती कायमची मुकी होण्याची भीती. कारागीर तिला मग ‘वीट झाली’ असे म्हणतात. पण न शिवलेले यंत्र जसेच्या तसे राहते, हा समज खोटा आहे. काही दोष नुसत्या काळानेच उमलतात. अशा पेट्यांत आपण किती वेळ जागे आहोत याची मोजणी सेकंदाच्या शंभराव्या भागात करण्याचा प्रघात आहे, आणि मोजणीच्या खणात ४,२९,४९,६७,२९५ यापुढचा आकडा मावत नाही. म्हणजे ४९७ दिवस पेटी अखंड चालली की मोजणी मोटारीच्या मीटरसारखी पुन्हा शून्यावर येते. आज्ञावली लिहिणाराने या शून्याचा विचार केला नसेल, तर वर्ष-सव्वा वर्ष निमूट चाललेली पेटी एका सकाळी भलतेच वागू लागते. बोइंगच्या ड्रीमलायनर विमानाच्या वीजव्यवस्थेत असाच, २४८ दिवसांनी उमलणारा दोष निघाला, तेव्हा २०१५ साली अमेरिकन सरकारने हुकूम काढला की, विमानाची वीज ठरावीक मुदतीने बंद करून पुन्हा चालू करावी.

दुसरे भय माणसांचे. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधल्या तीन वीज कंपन्यांच्या यंत्रणेत परक्यांनी घुसून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली. जाताजाता त्यांनी उपकेंद्रांना जाळ्याशी जोडणाऱ्या पेट्यांचे फर्मवेअर पुसून त्या जागी निरर्थक मजकूर भरला. दुरून आज्ञा देण्याची वाटच मेली. तेव्हा वीज कामगार गाड्या घेऊन थंडीत उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने खटके दाबून काही तासांत वीज परत आणली. ज्या दाराने दुरुस्ती आत येते, त्याच दाराने घातही आत येऊ शकतो, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

पुढच्या प्रसंगाची झळ आपल्या दारापर्यंत आली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका लोकप्रिय आज्ञावलीची नेहमीची सुधारणा ग्राहकांकडे गेली. तिच्यात घातक्यांनी आधीच विष कालवले होते. त्या विषाला जगाने ‘नॉटपेट्या’ असे नाव दिले. काही तासांत ते मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या साऱ्या जगातल्या कचेऱ्यांत पोचले. आणि उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात, त्या कंपनीच्या गटाकडे असलेल्या धक्क्यावर, कंटेनर हलवण्याचे काम अडले. कोपनहेगन आणि कीव्ह यांची नावेही ज्यांच्या कानी कधी पडली नसतील, अशा ट्रकचालकांची येथे खोटी झाली. मर्स्कला ४,००० मोठे आणि ४५,००० लहान संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. तिच्या सेवकांची आणि यंत्रांची नावनिशी ठेवणारी मुख्य वही सगळीकडे पुसली गेली होती. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशात, कारण त्या वेळी तेथली वीज गेलेली होती.

या घटनेतला खरा पेच असा. विष ज्या भगदाडांतून पसरले, त्यांपैकी एकावरचे ठिगळ मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाले होते. ज्यांनी ते लावले नाही ते भगदाडामुळे सापडले. आणि ज्यांनी हिशेबाची सुधारणा तत्परतेने घेतली, ते तत्परतेमुळे सापडले. आळस आणि उत्साह दोघांनाही एकाच दिवशी शिक्षा झाली.

म्हणून गेल्या तीन दशकांत या धंद्याने काही नियम स्वतःला घालून घेतले. नवे फर्मवेअर खऱ्याखुऱ्या कारखान्याची पाटी असलेलेच आहे, हे पेटीने गुप्त सहीवरून पडताळावे. नवे भरले तरी जुने शेजारच्या खणात तसेच ठेवावे, म्हणजे बिघडल्यास परतता येईल. आधी कामावर नसलेल्या पेटीवर परीक्षा करावी; मग कड्यातली एकच पेटी बदलावी, ती स्थिर झाल्यावर दुसरी. सगळीकडे एकदम कधीही नाही. हे नियम लिहिणे सोपे आणि पाळणे कठीण. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या रक्षणाचाच धंदा करणाऱ्या कंपनीची एक सदोष सुधारणा जगभर एकदम गेली. ती दीड तासाच्या आत मागे घेतली, तरी सुमारे ८५ लाख संगणक पडले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले पास आले. १९९० चा धडा चौतीस वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट मात्र मनाला धीर देते. प्रत्येक नव्या फर्मवेअरबरोबर एक टिपण येते. त्यात कोणते दोष दुरुस्त केले त्यांची यादी असते, आणि पुष्कळदा तिच्याखाली दुसरी यादी असते: आम्हाला ठाऊक असलेले, पण अजून दुरुस्त न झालेले दोष. भाषा रूक्ष, वाचणारे थोडे. पण आपल्या मालातले उणे असे छापून गिऱ्हाइकाच्या हाती देणारे धंदे जगात फारसे नाहीत. रात्रपाळीवरचा इंजिनियर ती यादी ओळ न ओळ वाचतो, आपल्या कारखान्यातल्या पेट्या मोजतो, आणि कोणत्या रविवारी कोणती पेटी बदलायची ते ठरवतो. आपल्या घरचा नळ आणि आपल्या दारचा आकाशकंदील त्याच्या त्या सावध हिशेबावर चालतात. काम नीट झाले तर कोणालाही काही कळत नाही, आणि ते तसेच असावे अशी त्याचीही इच्छा असते.